हूकर यांचे गार हवेचे गणित

गेल्या टर्ममध्ये आमचा वर्ग सहलीहून परत येत होता. चढ लागला आणि शाळेच्या बसने मान टाकली. इंजिन चालू होते, आवाजही येत होता, पण ओढ म्हणून नव्हती. मागून काळा धूर निघत होता. पहिल्या गिअरमध्ये रांगत आम्ही कसेबसे वर पोचलो. ड्रायव्हर उस्तादांनी पुढची जाळी उघडून आत हात घातला आणि मनगटाएवढा जाड रबरी पाइप आम्हाला दाखवला. तो इंटरकूलरच्या तोंडावरून निसटला होता. त्यांनी तो परत बसवला, क्लिप आवळली आणि बस पुन्हा पळू लागली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम.

इंटरकूलर काय करतो असे मी उस्तादांना विचारले. इंजिनात जाणारी हवा थंड करतो, असे त्यांनी सांगितले. मला ते पटले नाही. इंजिन चालते ते उष्णतेवर. मग आत जाणारी हवा मुद्दाम थंड कशाला करायची? हाच प्रश्न मी फिजिक्सच्या सरांना विचारला. सरांनी उत्तर दिले नाही. लायब्ररीत जाऊन स्पिटफायर ९ या विमानाचे इंजिन कोणी सुधारले ते शोध, एवढेच सांगितले. त्या शोधात मला सर स्टॅन्ली हूकर भेटले. त्यांची ही गोष्ट.

स्टॅन्ली जॉर्ज हूकर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०७ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. शाळेत ते गणितात हुशार होते. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांनी गणित घेतले आणि वाहत्या द्रवांचे व वायूंचे गणित हा आपला विषय केला. नंतर ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेले आणि १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. काही काळ त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात नोकरी केली. इथपर्यंत त्यांचे आयुष्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि समीकरणे. कारखान्यात त्यांनी काम केले नव्हते. इंजिनिअरिंगची पदवी तर नव्हतीच.

जानेवारी १९३८ मध्ये ते डर्बी येथे रोल्स-रॉइस कंपनीत दाखल झाले. तिथले प्रमुख होते अर्नेस्ट हाइव्ह्ज. हे स्वतः कारखान्यात वर आलेले, हाताला तेल लागलेले गृहस्थ. या गणितज्ञाला पाहून हाइव्ह्ज यांनी, हा काही फारसा इंजिनिअर दिसत नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. हूकर तो शेरा कधी विसरले नाहीत. सेहेचाळीस वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र निघाले त्याचे नावच नॉट मच ऑफ ॲन इंजिनिअर असे आहे.

इथे थोडे स्वतःबद्दल लिहितो. आमच्या वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौरस करायचा असतो. माझा तुकडा तीन वेळा घासूनही समलंब चौकोन झाला. तो अजून आमच्या डॉर्मच्या खिडकीला अडकण म्हणून लावलेला आहे आणि येणारा-जाणारा त्याची चौकशी करतो. बाबांची इच्छा मी टेक्निकल लाइनला जावे अशी आहे. त्यामुळे हूकर यांचे हे पान मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचले.

नोकरी लागली, पण काम कोणी दिले नाही. हूकर यांना एक खोली मिळाली आणि त्यांना त्यात सोडून देण्यात आले. काही दिवस त्यांनी नुसते बसून काढले. मग ते कारखान्यात हिंडू लागले. हिंडता हिंडता ते सुपरचार्जरची चाचणी घेणाऱ्या विभागात पोचले आणि तिथल्या चाचण्यांचे आकडे त्यांनी वाचायला घेतले.

सुपरचार्जर म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. इंजिनाची ताकद ते किती पेट्रोल जाळते यावर असते. पण पेट्रोल कितीही ओतले तरी ते जळायला हवा लागते, आणि ती ठरावीक प्रमाणातच लागते. म्हणजे खरा प्रश्न हवेचा. उंचावर हवा विरळ होते. ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३७ टक्क्यांच्या आसपासच उरते. साधे इंजिन तिथे तेवढ्याच प्रमाणात दुबळे होते. बाबांची बदली लेहला होती तेव्हा आम्ही सुट्टीत तिकडे गेलो होतो. तिथे जिना चढताना मला जशी धाप लागली, तशीच इंजिनालाही लागते. सुपरचार्जर हा त्यावरचा उपाय. एका पात्यांच्या चाकाला इंजिनच गिअरने फिरवते, ते चाक बाहेरची विरळ हवा खेचते आणि दाबून सिलिंडरकडे पाठवते. आमच्या बसमध्ये हेच काम टर्बो करतो. फरक इतकाच की टर्बोचे चाक धुराच्या झोताने फिरते.

रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाला सुपरचार्जर होताच. बारा सिलिंडरचे, २७ लिटरचे हे इंजिन स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांत बसवलेले होते. हूकर यांनी चाचण्यांचे आकडे घेऊन गणित मांडले. त्यांना दिसले की हवा आत येण्याचा मार्ग आणि चाकाभोवतीच्या पात्यांची रचना चुकते आहे, आणि चाक फिरवायला खर्च होणाऱ्या ताकदीतला बराच भाग हवा दाबण्याऐवजी ती नुसती घुसळण्यात आणि तापवण्यात जातो आहे. त्यांनी अहवाल लिहिला आणि सुपरचार्जरचे जुने जाणकार जेम्स एलर यांच्यापुढे ठेवला. त्या विभागाला एलर यांनी आपल्या आयुष्याची वर्षे दिली होती. नुकत्याच आलेल्या पोराने आपल्या कामात चुका काढल्या म्हणून ते रागावले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी अहवाल वाचला, तो बरोबर आहे हे मान्य केले आणि सुपरचार्जरचे काम हूकर यांच्याकडे सोपवले. मला या गोष्टीत हूकर यांच्याइतकेच एलरही मोठे वाटतात.

सुधारलेल्या सुपरचार्जरची मर्लिन इंजिने युद्ध सुरू झाल्यावर हरिकेन २ आणि स्पिटफायर ५ या विमानांत आली. पण तेवढ्याने भागणार नव्हते.

सप्टेंबर १९४१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर इंग्रज वैमानिकांना एक नवे जर्मन विमान दिसू लागले. पुढे गोल, जाड तोंडाचे इंजिन असलेले ते फोके-वुल्फ १९०. त्याचे रचनाकार होते कुर्ट टांक. हे नाव लक्षात ठेवा, ते या लेखात पुन्हा येणार आहे. वळण्याची गोष्ट सोडली तर हे विमान स्पिटफायर ५ पेक्षा जवळजवळ सगळ्या बाबतींत सरस होते. पुढचे नऊ-दहा महिने इंग्रज स्क्वाड्रनांना फार वाईट गेले. जे वैमानिक परत आले नाहीत त्यांतले कितीतरी वीस-बावीस वर्षांचे होते, म्हणजे आमच्या शाळेतून एनडीएला गेलेल्या सीनियर्सच्या वयाचे.

या अडचणीवरचे उत्तर डर्बीत तयार होत होते, पण ते दुसऱ्याच कामासाठी. ब्रिटिश हवाई खात्याला वेलिंग्टन जातीचे एक बॉम्बर विमान फार उंचावरून उडवायचे होते. त्यासाठी हूकर यांनी एका सुपरचार्जरमागे दुसरा जोडायचे ठरवले. रोल्स-रॉइसच्या व्हल्चर नावाच्या मोठ्या इंजिनाचा सुपरचार्जर हाताशी होता, त्यावरून पहिला टप्पा घेतला. पहिले चाक हवा दाबणार, तीच दाबलेली हवा दुसरे चाक आणखी दाबणार. दोन्ही चाके एकाच दांड्यावर. गिअर दोन, कमी उंचीसाठी एक आणि जास्त उंचीसाठी एक. वरच्या गिअरमध्ये ही चाके मिनिटाला २४,००० च्या आसपास फेरे घेत.

आता मुख्य अडचण. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा, चटका बसतो. मी सरांकडून सूत्र घेऊन हिशेब केला. ३०,००० फुटांवर तापमान उणे ४४ अंश सेल्सिअस धरले आणि हवेचा दाब ५ पट करायचा ठरवला. काहीही वाया न जाता हे काम झाले तरी हवा ९० अंशांपर्यंत तापते. पण सुपरचार्जर तितका निर्दोष नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर उत्तर १४७ अंश येते. बाहेर रक्त गोठवणारी थंडी, आणि सिलिंडरच्या दाराशी हवा उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम!

यात दोन तोटे आहेत. पहिला म्हणजे गरम हवा फुगते. दाब वाढला खरा, पण तापल्यामुळे त्याच जागेत हवेचे कण कमी मावतात. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचे निसटते. तीच हवा दाब कमी न होऊ देता १४७ वरून ८० अंशांवर आणली, तर माझ्या हिशेबाने सिलिंडरमध्ये सुमारे १९ टक्के जास्त हवा भरते. दुसरा तोटा जास्त वाईट. मिश्रण फार गरम असले की ते ठिणगी पडल्यावर शिस्तीने जळत जात नाही. उरलेला भाग एकदम भडकतो. इंजिन ठोके देऊ लागते आणि थोड्याच वेळात पिस्टनला भोके पडू शकतात. म्हणजे हवा न गारवता नुसती दाबत राहिले तर काही ताकद हातातून जाते आणि उरलेली ताकद वापरायला गेले की इंजिन मोडते.

बसजवळ मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. उष्णता सिलिंडरच्या आत, ठिणगी पडल्यावर हवी. दाराबाहेर ती शत्रू आहे.

हवा गार करण्याचा एक मार्ग मर्लिनमध्ये आधीपासून होता. पेट्रोल सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळले जाई आणि त्याची वाफ होताना हवा थोडी गार पडे. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटते तसे. जर्मन इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडत, त्यामुळे त्यांना हा फायदा मिळत नसे. या सोयीची किंमत मात्र होती. विमानाने एकदम नाक खाली घातले की मर्लिनच्या कार्बुरेटरमधले पेट्रोल उसळे आणि इंजिन गप्प होई. त्यावर बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये मधोमध भोक असलेली एक छोटी पितळी चकती बसवून तात्पुरता इलाज काढला. त्यांच्यावर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. आमच्या वर्गातल्या कोणी तो लिहिला नाही तर पुढच्या वर्षी मीच लिहीन.

दोन टप्प्यांच्या मर्लिनला एवढे गारवणे पुरणारे नव्हते. म्हणून दोन चाकांच्या मधल्या कवचात पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवले. दुसऱ्या चाकानंतर, सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर, नळ्यांनी भरलेली एक पेटी ठेवली. नळ्यांमधून गार द्रव जायचा, नळ्यांभोवतून तापलेले मिश्रण. या द्रवाचा इंजिन थंड करणाऱ्या द्रवाशी संबंध नव्हता. त्याला वेगळा पंप दिला आणि पंखाखाली वेगळा रेडिएटर. हा वेगळेपणा महत्त्वाचा आहे. इंजिनाभोवती फिरणारे पाणी स्वतःच शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते, ते दुसऱ्याला काय गार करणार? आमच्या बसमध्ये तर पाणीही नाही. गरम हवेचे पाइप सरळ जाळीमागे नेले आहेत आणि समोरून येणारा वारा त्यांना गारवतो. आजच्या सुपरचार्जरच्या काही मोटारींत मात्र मर्लिनसारखीच पाण्याची पेटी असते.

हे सगळे फुकट मिळत नाही हे सांगायला हवे. पेटीचे वजन आहे, रेडिएटरचे वजन आहे, त्याला हवेचा अडथळा होतो, पंपाला ताकद लागते. शिवाय पेटीतल्या नळ्यांमधून वाट काढताना मिश्रणाचा थोडा दाब कमी होतो. इतके देऊन मिळते काय याचा हिशेब करावा लागतो, आणि तो कागदावर करता येणारा माणूस डर्बीत होता. इंजिन पुरते बनवण्याआधीच कोणत्या उंचीवर ते किती ताकद देईल हे सांगण्याची रीत हूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली होती.

इंजिन तयार होत असताना हाइव्ह्ज यांनीच तो प्रश्न विचारला. हे इंजिन बॉम्बरऐवजी स्पिटफायरमध्ये बसवले तर काय होईल? इंजिन लांब झाले होते, म्हणून विमानाचे नाक वाढवावे लागले. पूर्वी स्पिटफायरच्या एका पंखाखाली मोठा रेडिएटर आणि दुसऱ्याखाली लहानसा ऑइल कूलर असे. आता दोन्हीकडे सारख्या मोठ्या पेट्या आल्या, कारण मिश्रण गारवणाऱ्या द्रवाच्या रेडिएटरलाही जागा हवी होती. स्पिटफायर ५ चाच सांगाडा आणि आत मर्लिन ६१, एवढ्यावर स्पिटफायर ९ उभे राहिले. आधी ते तात्पुरती सोय म्हणून आले होते, पण हजारोंनी बनले. ३०,००० फुटांवर जुन्या मर्लिन ४५ च्या तुलनेत ३०० अश्वशक्ती जास्त, आणि वेग ताशी सुमारे ११० किलोमीटरने जास्त! जुलै १९४२ मध्ये ६४ स्क्वाड्रन ही विमाने घेऊन प्रथम लढाईत उतरली. गंमत म्हणजे दुरून पाहिले तर ९ आणि ५ यांत फरक कळत नसे. त्यामुळे समोरचे स्पिटफायर पूर्वीसारखे सोपे आहे की नाही, हे आता जर्मन वैमानिकांना ओळखता येईना.

एक प्रसंग मी दोनदा वाचला. १९४२ च्या ऑगस्टपासून जर्मनांची युंकर्स ८६ जातीची विमाने इतक्या उंचावरून इंग्लंडवर बॉम्ब टाकू लागली की त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नसे. १२ सप्टेंबर १९४२ रोजी प्रिन्स इमॅन्युएल गॅलिट्झिन हा वैमानिक वजन कमी केलेले एक स्पिटफायर ९ घेऊन त्यांच्यामागे निघाला. साउदॅम्प्टनच्या परिसरात, ४०,००० फुटांच्याही वर, त्याने शत्रूला गाठले. तिथे एका बाजूची तोफ थंडीने बंद पडली. दुसरी झाडली की धक्क्याने विमान बाजूला फिरे आणि पातळ हवेत सावरायला वेळ लागे. जर्मन विमान एक गोळा खाऊन निसटले. शत्रू पडला नाही, पण आपल्यापर्यंत कोणी पोचू शकते हे जर्मनांना कळले आणि ते उंचावरचे हल्ले थांबले. त्या दिवशी बाहेरच्या थंडीने तोफ गोठली, आणि इंजिनाच्या पोटात हवा जास्त गरम होऊ नये म्हणून पंप चालू होता. दोन्ही एकाच विमानात.

अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने हीच दोन टप्प्यांची मर्लिन बनवली. ती बसवल्यावर मुस्टँग विमान बॉम्बरांच्या सोबतीला बर्लिनपर्यंत जाऊ लागले. आपल्या हवाई दलाच्या ८ स्क्वाड्रनने १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्पिटफायर ८ उडवले, त्यातही याच घराण्याचे मर्लिन होते.

हूकर तोवर दुसरीकडे ओढले गेले होते. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन त्यांनी पाहिले आणि हाइव्ह्ज यांना त्याबद्दल सांगितले. जेटच्या रेट्याचा आकडा हाइव्ह्ज यांना किरकोळ वाटला. हूकर यांनी बसून हिशेब केला आणि पूर्ण वेगाने जाणाऱ्या स्पिटफायरला मर्लिनचा पंखा साधारण तेवढाच रेटा देतो हे दाखवले. मग हाइव्ह्ज स्वतः ते इंजिन पाहायला गेले. १९४३ मध्ये रोल्स-रॉइसने रोव्हर कंपनीला रणगाड्यांच्या इंजिनांचा कारखाना देऊन तिच्याकडचे जेटचे काम घेतले, आणि हूकर बार्नोल्ड्सविक येथे त्याचे प्रमुख झाले. वेलँड, डरवेंट आणि नीन ही इंजिने तिथली. नीन इंजिन फ्रान्समध्येही बनले आणि ते बसवलेले विमान आपल्या हवाई दलात तूफानी या नावाने आले.

पुढचा काळ चांगला गेला नाही. एव्हॉन नावाच्या नव्या इंजिनात अडचणींमागून अडचणी आल्या. हाइव्ह्ज यांचा विश्वास उडाला, दोघांत बिनसले आणि ज्यांनी हूकर यांना उभे केले त्यांनाच सोडून हूकर १९४९ च्या सुरुवातीला ब्रिस्टल कंपनीत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे, गेले. या भांडणात कोण बरोबर होते हे मला ठरवता आले नाही. एव्हॉन पुढे उत्तम इंजिन निघाले, आपल्या हंटर आणि कॅनबेरा विमानांत तेच होते, पण ते नीट झाले तेव्हा हूकर तिथे नव्हते.

ब्रिस्टलमध्ये त्यांनी प्रोटिअस, ऑलिम्पस, ऑर्फियस, पेगॅसस अशा इंजिनांवर काम केले. ऑलिम्पसच्या वंशातले इंजिन काँकॉर्डला लागले. पेगॅसस जागच्या जागी वर उठणाऱ्या हॅरिअरला. आपल्या नौदलाची सी हॅरिअर विमाने विक्रांत आणि विराटवरून याच इंजिनावर उडाली, २०१६ पर्यंत. पण आपल्याला सर्वांत जवळचे ऑर्फियस. लहान, हलके, साधे इंजिन. ते नॅट विमानात होते. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये नॅट बनले. १९६५ मध्ये ते लढले, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर शत्रूची विमाने आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊनच वर गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आमच्या असेंब्ली हॉलमध्ये त्यांची तसबीर आहे.

आता कुर्ट टांक. युद्धानंतर फोके-वुल्फ १९० चे हे रचनाकार आधी अर्जेंटिनात गेले आणि १९५६ मध्ये भारतात आले. बेंगळुरूत त्यांनी आणि आपल्या इंजिनिअरांनी एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान बनवले. ते १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्यात बसवलेली दोन्ही इंजिने ऑर्फियस! १९४२ मध्ये एकाचे विमान खाली आणण्यासाठी दुसऱ्याचे इंजिन धडपडत होते. वीस वर्षांनी एकाचे विमान दुसऱ्याच्याच इंजिनावर उडाले, आणि तेही आपल्या देशात. हे वाचले तेव्हा प्रेपची वेळ होती. मी शेजारच्याला हलवून सांगितले आणि ड्युटी मास्टरांची बोलणी खाल्ली.

मारुतची कथा पूर्ण सुखाची नाही. टांक यांनी ते ऑर्फियसच्या जास्त ताकदवान प्रकारासाठी आखले होते. त्या प्रकाराच्या विकासाला पैसा मिळाला नाही आणि ते इंजिन आलेच नाही. सांगाडा वेगाचा, पण ताकद अपुरी, असेच ते राहिले. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर उत्तरलाई आणि जोधपूरहून मारुतने हल्ले केले. आमची शाळा राजस्थानात आहे, त्यामुळे ही नावे आम्हाला नकाशात शोधावी लागत नाहीत.

१९६६ मध्ये रोल्स-रॉइसने ब्रिस्टलची इंजिन कंपनी विकत घेतली, म्हणजे हूकर न मागता जुन्या घरी परतले. थोड्याच वर्षांत ते निवृत्त झाले. पण आरबी २११ या मोठ्या प्रवासी विमानाच्या इंजिनाने रोल्स-रॉइसला खड्ड्यात घातले आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. त्रेसष्ट वर्षांचे हूकर पुन्हा डर्बीला गेले. त्यांनी मर्लिनच्या काळातले आपले म्हातारे सहकारी गोळा केले आणि इंजिनाचे एकेक दुखणे काढायला सुरुवात केली. एप्रिल १९७२ मध्ये आरबी २११ ला प्रमाणपत्र मिळाले आणि ते ट्रायस्टार विमानातून प्रवासी नेऊ लागले. १९७४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. २४ मे १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्याच वर्षी आले.

गेल्या रविवारी बस धुण्याच्या फटीगवर माझा नंबर होता. उस्तादांना विनंती करून मी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायला लावले, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि मी जाड हातमोजा घालून दोन्ही पाइपांना हात लावला. टर्बोकडून इंटरकूलरकडे येणाऱ्या पाइपावर हातमोज्यातूनही ऊब लागत होती. तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपावर मी हातमोजा काढून हात ठेवला. तो कोमट होता. उस्तादांनी क्लिप पुन्हा एकदा आवळून घेतली आणि मला चाके धुवायला पाठवले.